जुने हुंडेकरी व त्यांचे ड्रायव्हर

शेतमालाच्या भावाविषयीं आपल्या मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. बियाणें, खतें, पाणी, कर्ज यांचीही चर्चा कमी होत नाहीं. परंतु शेताच्या बांधापासून अडत्याच्या गाळ्यापर्यंत आपला माल ज्या चाकांवरून जातो, त्या चाकांविषयीं व तीं फिरविणाऱ्या माणसांविषयीं लिहिणारा क्वचित् आढळतो. हिशेबपट्टीच्या तळाशीं अडत, हमाली, तोलाई यांच्या रांगेंत 'गाडीभाडें' म्हणून एक आंकडा असतो. शेतकरी तो पाहून कपाळास आठ्या घालतो आणि पट्टी खिशांत ठेवतो. त्या आंकड्यामागें एके काळीं एक सबंध व्यवस्था उभी होती आणि ती आपल्या डोळ्यांदेखत मोडली. तिच्या आठवणी सांगूं शकणारे ड्रायव्हर आज सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत. या आठवणी केवळ करमणुकीच्या नाहींत. वाटेंत मालाचें कांहीं बरेंवाईट झालें तर जबाबदार कोण, या आजच्या प्रश्नाशीं त्यांचा थेट संबंध आहे, असें आमचें मत आहे व तेंच येथें मांडावयाचें आहे.

'हुंडेकरी' हा शब्द मोटारीहून पुष्कळ जुना आहे. वाटेवरील जकात, मजुरी वगैरे सर्व खर्च आपल्या अंगावर घेऊन अमुक माल अमुक ठिकाणीं पोंचता करीन, असा ठोकीचा व्यवहार पत्करणारा तो हुंडेकरी. बैलांच्या पाठीवर गोणी लादून घाट उतरणारे लमाण व वंजारी मागें पडले. १८६३ सालीं बोरघाटांतून व १८६५ सालीं थळघाटांतून आगगाडी चढूं लागली. तरी स्टेशनापर्यंत माल नेणारा गाडीवान आणि त्याच्यामागें जामिनासारखा उभा असणारा हुंडेकरी हे राहिलेच. पहिल्या महायुद्धानंतर मालमोटारी रस्त्यावर दिसूं लागल्या, तेव्हां त्यांनीं बैलगाडीची जागा घेतली, हुंडेकऱ्याची घेतली नाहीं. त्यानें बैल विकले आणि मोटार आणली, एवढाच काय तो फरक.

१९३९ च्या मोटार कायद्यानें परवान्याची पद्धत घालून दिली. कोणत्या मुलखांत कोणाच्या किती मालमोटारी धांवाव्या, हें प्रादेशिक अधिकारी ठरवूं लागले. आगगाडीच्या उत्पन्नास फार धक्का लागूं नये, हाही त्यांत एक हेतु होता. लगेच दुसरें महायुद्ध आलें आणि पेट्रोल मापून मिळूं लागलें. तेव्हां गाडीस लोणारी कोळशाची भट्टी जोडून तिच्या गॅसवर मोटारी चालविल्या गेल्या. चढ आला कीं अशा गाडीचा दम तुटे. युद्ध संपलें, स्वराज्य आलें, आणि १ जून १९४८ रोजीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) ते पुणें या मार्गावर पहिली एस. टी. धांवली. प्रवासी वाहतूक क्रमाक्रमानें सरकारकडे गेली. माल मात्र खाजगी गाडीवाल्यांच्याच हातीं राहिला. कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज व फार्गो, मद्रासेकडून लेलँड, आणि १९५४ पासून जमशेदपुराहून टाटा-मर्सिडीझ अशा गाड्या येऊं लागल्या. १९५०-५१ सालीं देशांतील मालवाहतुकीपैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक आगगाडीनें होत असे. आज तिचा वांटा एक तृतीयांशाहूनही कमी आहे. हा जो प्रचंड पालट झाला त्याचा पहिला भार आपल्या तालुक्यातालुक्यांतील लहान कंपन्यांनीं वाहिला.

अशा कंपनीचें स्वरूप वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांस आठवत असेल. दोघे-तिघे भागीदार, बहुधा एकाच घराण्यांतले किंवा एकमेकांचे व्याही, पांचपंधरा गाड्या, पेठेंत एक गुदाम, मुंबईस मसजिद बंदराकडे एक आणि पुण्यास भवानी पेठेंत एक गाळा. गुदामाच्या दारांत लांकडी पेटीमागें बसलेला मुनीम कार्बनचा कागद घालून बिल्टी फाडी: एक प्रत शेतकऱ्यास, एक गाडीबरोबर, एक दप्तरीं. गाडीच्या कपाळावर कंपनीचें नांव ठळक अक्षरांत रंगविलेलें असे. गाडीचा नंबर कोणास पाठ नसे. "आपला माल अमक्यांच्या गाडीला दिला आहे," एवढें म्हटलें कीं पुरे होई. त्या 'अमक्यां'चें घर, त्यांची शेती, त्यांची सोयरीक सर्वांस ठाऊक असे. म्हणजे कायद्याची जबाबदारी कागदावर होती ती होतीच. परंतु तिच्या आधीं गांवची लाज होती, आणि गांवच्या लाजेस नोटीस द्यावी लागत नसे.

आतां ड्रायव्हरांकडे वळूं. त्या काळची मालमोटार चालविणें हें अंगमेहनतीचें काम होतें, हें आजच्या तरुणांस सांगितल्याविना समजावयाचें नाहीं. सुकाणूस यंत्राचें साहाय्य नव्हतें. भरलेली गाडी वळविण्यास दोन्ही खांद्यांचें बळ लागे. गिअर सुखासुखी पडत नसे. क्लच दोनदां दाबून, इंजिनाचा आवाज कानानें जोखून तो घालावा लागे. केबिन लांकडाची, गांवच्या सुतारानें बांधलेली, आणि इंजिनाची धग थेट पायांवर. साताऱ्याहून निघालेल्या गाडीस मुंबई गांठण्यापूर्वीं खंबाटकी, कात्रज आणि बोरघाट हे तीन घाट पार करावे लागत. ज्या गिअरमध्यें घाट चढशील त्याच गिअरमध्यें तो उतर, हा पहिला धडा. उतारावर गाडी मोकळी सोडून डिझेल वांचविणारे असत. त्यांच्या कथा घाटाखालच्या दरींत संपत. क्लीनर, ज्यास खेड्यापाड्यांत सर्रास 'किन्नर' म्हणत, तो चढावर फाळक्यापाशीं लोंबकळत असे, हातांत लांकडाचा ठोकळा. गाडीनें दम टाकला रे टाकला कीं उडी मारून तो ठोकळा मागच्या चाकाखालीं सारावयाचा. चारपांच वर्षें असा ठोकळा सारल्यावर, टायर काढल्या-घातल्यावर, कमानीचे पट्टे बदलल्यावर, मग एखाद्या रात्रीं सपाट रस्त्यावर उस्ताद त्याच्या हातीं सुकाणू देई. शाळा म्हणावी तर हीच. बोरघाटांत शिंगरोबाच्या देवळाशीं नाणें टाकल्यावांचून पुढें जाणारा ड्रायव्हर विरळा. घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचें तें स्मारक आहे, आणि वाट दाखविणाऱ्याचें ऋण ड्रायव्हराइतकें कोणास कळणार! कसारा घाटानें नाशिककडचा कांदा घेऊन जाणारे इगतपुरीच्या घाटनदेवीस असेंच हात जोडीत. घाट उतरून पनवेल गांठलें तरी मुंबई जवळ आली असें नव्हे. वाशीचा खाडीपूल १९७३ सालीं झाला. तोंवर पनवेलहून मुंब्रा, कळवा, ठाणें असा वळसा घालून मगच मुंबईंत शिरावें लागे.

परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें ड्रायव्हराची खरी विद्या घाटांतली नव्हे, ती माल ओळखण्याची. कांद्याच्या गाडीवर ताडपत्री आवळून बांधली कीं आंत ऊब धरते, पोत्यांस घाम येतो व मुंबईंत पोंचेपर्यंत माल वास मारूं लागतो; म्हणून जाणता ड्रायव्हर ताडपत्री पुढून-मागून उघडी ठेवी, आणि आकाश भरून आलें कीं गाडी कडेस घेऊन ती ओढून घेई. रात्रींच्या झोपेंतून उठून तो हें करी. गुळाचें नेमकें उलट. दमट हवा लागली कीं गूळ पाझरतो. म्हणून हौद्यांत खालीं कोरडा पेंढा, वर रवे, आणि त्यांवर दुहेरी ताडपत्री कडांपर्यंत दाबून. केळीचे घड रचतांना मध्यें वाळलेलीं पानें घालावयाचीं आणि खड्डा दिसला कीं चाल कमी करावयाची, कारण केळीस बसलेला मार त्या दिवशीं दिसत नाहीं, पिकल्यावर काळा पडतो आणि तोंवर ड्रायव्हर निघून गेलेला असतो. आंब्याच्या पेट्या केबिनच्या भिंतीस लावून रचूं नयेत, तेथें इंजिनाच्या धगीनें फळ आधीं तयार होतें. यांपैकीं एकही गोष्ट कोणत्या परवान्यांत लिहिलेली नव्हती. ती एकाच भागाचा माल वर्षानुवर्षें एकाच बाजारास नेल्यानें येत असे. आज पंजाबांत भरलेली गाडी उतरवून परतीचें भाडें म्हणून आपले टोमॅटो घेणारा ड्रायव्हर मुळींच वाईट मनुष्य नव्हे. पण टोमॅटोशीं त्याची ओळख त्या एका रात्रीपुरती असते.

आमच्या लहानपणीं, १९६५ च्या आसपास, घरचा कांदा व गूळ ज्या गाडीनें जाई तिचे ड्रायव्हर आमच्या वडिलांहून वयानें मोठे होते व सारें गांव त्यांस 'मामा' म्हणे. मुंबईहून परततांना ते अडत्याची पट्टी व नोटा एका कापडी पिशवींत, सदऱ्याच्या आंत, पोटाशीं बांधून आणीत. घरोघर थांबून ज्याचे त्यास मोजून देत. एकदां पट्टींत दोन पोतीं कमी लागलीं. वडील म्हणाले, "मामा, गोणी मोजून दिल्या होत्या तुम्हांला." मामांनीं वाद घातला नाहीं; "पुढच्या खेपेला सांगतों," एवढेंच म्हणाले. पुढच्या खेपेस त्यांनीं दोन पोत्यांचे पैसे आणले आणि चूक अडत्याच्या मेहत्याची होती हेंही सांगितलें. शेतकरी मुंबईस न जातां मुंबईशीं व्यापार करीत होता तो असल्या माणसांच्या भरंवशावर. भाव चढता आहे कीं उतरता, आणखी आठ दिवस माल चाळींत ठेवावा कीं आजच भरावा, ही बातमी वर्तमानपत्राआधीं मामांच्या तोंडून मिळे. येतांना कोणाचें औषध, कोणाच्या मोटेच्या जागीं बसविलेल्या इंजिनाचा वॉशर, कोणाच्या मुलीच्या लग्नाचें पातळ, हेंही केबिनींतून येई. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं, खंडेनवमीस, आमच्या घरीं नांगर-कुळव पुजले जात तसे गुदामाच्या अंगणांत गाडीचे पाने, जॅक व चाक पुजलें जाई, आणि दोहोंकडचा प्रसाद एकमेकांच्या घरीं जाई.

हें वाचून कोणी असें समजूं नये कीं तो काळ सोन्याचा होता. तसें म्हणणारे लेख पुष्कळ निघतात व ते आम्हांस आवडत नाहींत. परवाना ज्याच्या हातीं त्याची मुजोरी चाले, ही गोष्ट तितकीच खरी आहे. एका हंगामांत आमच्याच भागांतील एका कंपनीनें ऐन काढणीच्या वेळीं भाडें चढविलें; दुसऱ्या कोणास त्या मार्गाचा परवाना नव्हता; शेतकऱ्यांचा कांदा रस्त्याच्या कडेस पडून भिजला आणि शेवटीं मागतील तें भाडें द्यावें लागलें. गाड्या क्षमतेहून अधिक भरल्या जात. मालावर माणसें बसवून चोरटें भाडें घेतलें जाई आणि अपघातांत तींच माणसें आधीं मरत. सलग दोन रात्रीं न झोपलेला ड्रायव्हर तिसऱ्या रात्रीं पुन्हां रवाना केला जाई. झोप येऊं नये म्हणून तो काय घेतो याची चौकशी मालक करीत नसे. जकातनाक्यावर ताटकळणें आणि हात ओले करणें हा तर नित्याचाच भाग होता. १९५९ सालीं मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें रस्तावाहतुकीची पाहणी करून अहवाल दिला. मालक लहान, विखुरलेले व भांडवलानें दुबळे आहेत, त्यांनीं एकत्र येऊन टिकाऊ संस्था कराव्या, असा तिचा रोंख होता. आपल्याकडे त्याच दशकांत, प्रवरानगरास १९५० सालीं कारखाना उभा करून, शेतकऱ्यांनीं सहकार काय करूं शकतो हें दाखविलें होतें. साखर सहकाराची, दूध सहकाराचें, सूतगिरण्याही सहकाराच्या. पण मालमोटार मात्र सहकाराची झाली नाहीं. उसाच्या वाहतुकीपुरते करार झाले, त्यापलीकडे आपण गेलों नाहीं. हें राहून गेलें याचें आम्हांस आजही वाईट वाटतें.

मग हें सर्व मोडलें कसें? एका घावानें नव्हे. १९७५ पासून अखिल देशाचे परवाने मिळूं लागले आणि ठराविक मार्गाची मक्तेदारी सैल झाली. १९८८ चा नवा मोटार कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला व मालवाहतुकीचा परवाना मिळणें पुष्कळच सोपें झालें. कर्ज काढून एक गाडी घ्यावी, स्वतःच चालवावी किंवा मेहुण्यास बसवावें, आणि भाडें दलालाकडून मिळवावें, असा एकगाडीवाला मालक गांवोगांव उभा राहिला. मुंबईचा कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ सालीं आणि फळें-भाजीपाल्याचा १९९६ सालीं नव्या मुंबईंत गेला. मसजिद बंदर व भायखळ्याच्या गाळ्यांशीं जोडलेलीं जुनीं गुदामें ओस पडलीं. १९९९ पासून कोंकण रेल्वेनें भरलेल्या मालमोटारीच डब्यांवर चढवून कोलाडहून गोव्यांत वेर्ण्यास नेण्यास आरंभ केला. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला व मुंबईची जकात गेली. नाक्यावरची रांग संपली. २०१८ सालीं गाडीच्या भाराची मर्यादाही वाढविली गेली. दोन आंसांच्या गाडीस एकूण वजन पूर्वीं १६.२ टन होतें तें १८.५ टन झालें. पूर्वीं रात्रभर चालणारा प्रवास कांहीं तासांवर आला.

यांत शेतकऱ्याचा फायदा झाला हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. भाड्यांत चुरस आली. एकानें नकार दिला तर दुसरा मिळतो. हैदराबाद, इंदूर, दिल्ली, कलकत्ता असे दूरचे बाजार आवांक्यांत आले. पडला कांदा भिजत ठेवण्याची पाळी परवान्यापायीं आज कोणावर येत नाहीं. म्हणून जुन्या कंपन्या पुन्हां याव्यात असें आमचें मागणें नाहीं. परंतु मक्तेदारीबरोबर आणखी एक वस्तु वाहून गेली, ती म्हणजे बिल्टी.

आज शेतावरून माल उचलला जातो तेव्हां काय घडतें तें पाहा. व्यापारी किंवा दलाल दूरध्वनीवर गाडी मागवितो. गाडी कोणाची, ड्रायव्हर कोण, वाटेंत ती बदलली जाणार कीं नाहीं, यांतलें शेतकऱ्यास कांहीं ठाऊक नसतें. हातीं पडते ती एखादी चिठ्ठी, किंवा मोबाइलवर गाडीच्या नंबराचें छायाचित्र. द्राक्षाच्या हंगामांत माल भरून नेऊन व्यापारी नाहींसा झाला, अशा तक्रारी नाशिक-सांगलीकडे वरचेवर ऐकूं येतात. तेव्हां शेतकऱ्याजवळ पुरावा म्हणून उरतो तो गाडीचा नंबर आणि एका अनोळखी ड्रायव्हराचा चेहरा. आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराचे टोमॅटो गेल्या कांहीं वर्षांत असेच वाटेंत गाडी बंद पडून एक दिवस उशिरां पोंचले व निम्मे फेंकले गेले. दलाल म्हणे गाडी माझी नव्हे; गाडीवाला म्हणे माल मीं घेतला नव्हता, दलालानें भरला; अडत्यानें तर भाडें आधींच कापून घेतलें होतें. तिघेही आपापल्या परीनें खरें बोलत होते, आणि नुकसान चौथ्याचें झालें.

कायदा याबाबतींत मुका नाहीं, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. १८६५ सालच्या वाहकांच्या कायद्यानेंच असें ठरविलें होतें कीं सार्वजनिक मालवाहकाच्या ताब्यांत दिलेला माल हरवला किंवा बिघडला, तर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचें ओझें माल देणाऱ्यावर नाहीं. जुन्या हुंडेकऱ्याची गांवची लाज जेथें अपुरी पडे तेथें हा कायदा मागें असे. त्याच्या जागीं २००७ चा रस्तामार्गें मालवहनाचा कायदा झाला व तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यानें पावती देऊन माल गोळा करणारा, साठविणारा व पुढें रवाना करणारा धंदेवाईक, मग तो कंपनी असो, कंत्राटदार असो कीं दलाल, यास नोंदणी घेणें बंधनकारक केलें. माल देणाऱ्यानें मालाचें वर्णन व किंमत लिहून रवानगीचा कागद द्यावा आणि वाहकानें त्याची पावती द्यावी, असा त्याचा नियम आहे. भरपाईची मर्यादा सर्वसाधारणपणें भाड्याच्या दसपट ठेवली आहे. अधिक जोखीम आधीं लिहून ठरविली असेल तर गोष्ट वेगळी. आणि दावा करावयाचा तर माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस गेली पाहिजे. हें सारें उपयोगी पडतें तें पावती हातांत असेल तर. आपला शेतकरी सात-बाराचा उतारा जपून ठेवतो, पीककर्जाचा कागद जपून ठेवतो, परंतु चार-पांच लाखांचा माल गाडींत चढवितांना चिठ्ठीवर समाधान मानतो. गाडी घाईंत असते, दलाल ओळखीचा असतो, आणि पावती मागणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें असें वाटतें. मामा भरंवशाचे होते तरी मुनीम बिल्टी फाडीतच असे, ही गोष्ट आपण विसरलों.

ड्रायव्हराच्या वांट्यास काय आलें तेंही सांगितलें पाहिजे. गाडी भरणाऱ्या व उतरविणाऱ्या हमालास अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळें १९६९ चा माथाडी कायदा मिळाला. त्यांतून मंडळें, निधि, नोंदणी हें सर्व आलें, आणि तें योग्यच झालें. गाडी हांकणाऱ्यासाठीं १९६१ सालीं मोटार कामगारांचा कायदा झाला होता. दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास काम, असें त्यांत लिहिलें होतें. पण तो पांच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या संस्थांसाठीं होता. कंपन्या मोडून एकगाडीवाले झाले तसतसा ड्रायव्हर या कायद्याच्या कक्षेबाहेर निसटला. जुन्या कंपनीचा मालक तीस वर्षें काम केलेल्या ड्रायव्हरास निदान गुदामावर राखणदार म्हणून ठेवी, त्याच्या मुलास क्लीनर म्हणून घेई. एकगाडीवाल्याजवळ ठेवण्यास गुदामच नाहीं. जानेवारी १९२४ नव्हे, अगदीं परवांच्या जानेवारी २०२४ मध्यें, अपघात करून पळाल्याबद्दलच्या नव्या कडक शिक्षेविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनीं गाड्या उभ्या केल्या, तेव्हां भाजीबाजार ओस पडण्याची धास्ती लागली व आपणांस एकदम त्यांची आठवण झाली. दोन दिवसांनीं गाड्या सुरू झाल्या आणि आपण पुन्हां विसरलों. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनीस थंड हवेचें यंत्र सक्तीचें झालें आहे; मामांच्या पिढीनें हें ऐकलें असतें तर हंसून सोडून दिलें असतें.

आतां करावयाचें काय? दोन गोष्टी आहेत. पहिली, प्रत्येक सभासदानें या हंगामापासून पावतीवांचून माल भरूं नये, आणि शक्य तेथें गांवच्या पांचदहा शेतकऱ्यांनीं मिळून एकाच नोंदणीकृत वाहकाशीं हंगामाचा करार करावा. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आज पुष्कळ निघाल्या आहेत. प्रतवारी आणि शीतगृह यांवर त्या खर्च करतात, पण वाहतूक अजून दलालावर सोंपवितात. ड्रायव्हर ठरलेला असेल, तर कांद्याची ताडपत्री केव्हां उघडी ठेवावयाची हें दुसऱ्या हंगामापर्यंत त्यास सांगावें लागणार नाहीं. आणि त्याच्या विम्याचा व झोपेचा विचार करारांतच लिहितां येईल.

दुसरी गोष्ट जुन्या आठवणींची. शेजारच्या कर्नाटकांत गदग येथें १९७६ सालीं एका गाडीवर धंदा सुरू करणारे विजय संकेश्वर पुढें देशांतील फार मोठ्या वाहतूकसंस्थेचे मालक झाले, आणि त्यांच्या आयुष्यावर २०२२ सालीं कन्नडांत चित्रपटही निघाला. मोठ्यांचें असें होतें. दहा गाड्यांच्या कंपन्यांचीं दप्तरें मात्र वाळवीच्या स्वाधीन झालीं आहेत, किंवा गुदाम विकलें गेलें तेव्हां रद्दींत गेलीं आहेत. त्या बिल्ट्यांवर कोणत्या सालीं कोणत्या गांवचा कोणता माल कोठें गेला, भाडें किती पडलें, नुकसान कोणी भरून दिलें, हें सर्व आहे. आपण भाड्यासंबंधीं सरकारकडे गाऱ्हाणें नेतों तेव्हां तोंडी बोलतों. हे कागद हातीं असले तर भावांत वाहतुकीचा वांटा किती होता व किती झाला, हें दाखवून बोलतां येईल. ड्रायव्हरांच्या आठवणींचें मोल याहून वेगळें, कारण दप्तरांत माल दिसतो, वाट दिसत नाहीं.

म्हणून वाचकांस विनंति आहे कीं आपल्या घरीं १९९० पूर्वींच्या बिल्ट्या, हिशेबपट्ट्या किंवा हुंडेकऱ्याचीं पत्रें असल्यास त्यांच्या प्रती काढून संघाच्या कचेरीकडे पाठवाव्या. मूळ कागद आपल्याजवळच ठेवावे. आपल्या गांवांत जुने ड्रायव्हर असतील तर त्यांच्याकडे दिवाळीपूर्वीं एकदां जावें, कोणत्या कंपनीची गाडी, कोणता मार्ग, कोणता माल, वाटेंत मुक्काम कोठें, पगार व भत्ता काय, हें विचारून लिहून घ्यावें, आणि त्यांची संमति असल्यास नांवासह, नसल्यास नांवावांचून कळवावें. कान मंद झाले असल्यास क्लीनरास विचारावें. तोही आतां साठीच्या पुढें असेल.